स्लूथ (१९७२) मधला इन्स्पेक्टर नक्की कोण? (सिनेमा पाहिला नसेल तर उघडू नका)

जिरावण_जास्त:
मंडळी, घरातलं एक भांडण सोडवा. शनिवारी रात्री बाबांबरोबर स्लूथ पाहिला. लॉरेन्स ऑलिव्हिए, मायकेल केन, एक बंगला, सवादोन तासांच्या वर आणि बाबा एकदाही झोपले नाहीत म्हणजे समजून जा. तर तो इन्स्पेक्टर डॉप्लर येतो ना, टकल्या, मिशीवाला, आणि नंतर मेकअप ओरबाडून काढतो तर आत केन. मी म्हटलं कमाल आहे, तर बाबा म्हणे कसली कमाल, मिशी काढतो तेवढाच शॉट केनचा, आधी इतका वेळ बडबड करणारा माणूस दुसराच कोणीतरी, एडिटिंगमध्ये जोडलंय. आणि पुरावा काय, तर सिनेमाच्या नामावलीच्या पाटीवर चक्क नाव आहे, इन्स्पेक्टर डॉप्लर: अलेक कॉथॉर्न. "छापलंय ना? मग?" हरेल त्याने इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खाऊ घालायचा असं ठरलंय. कोण हा कॉथॉर्न? दुसऱ्या कुठल्याच सिनेमात सापडत नाहीये मला.

खजराना_काका:
सापडणार कसा, असा नटच नाही. नाव खोटं आहे. पाटी परत लाव आणि बाबांना खालची नावं वाचायला सांग, सार्जंट टॅरंट आणि कॉन्स्टेबल हिग्ज, दोघांच्याही पुढे नटांची नावं आहेत. आता विचार त्यांना, हे दोघं पडद्यावर कुठल्या सीनमध्ये दिसले? एकाही नाही! दाराबाहेरून नुसते आवाज येतात आणि ते आवाजही केनच काढतोय. ऑलिव्हिएची सिनेमातली बायको मार्गरीट तर फक्त भिंतीवरच्या चित्रात, तरी तिच्यापुढे ईव्ह चॅनिंग असं नाव. ही दिग्दर्शक मँकिविझची स्वतःची गंमत, त्याच्याच ऑल अबाउट ईव्ह या सिनेमातल्या ईव्ह आणि मार्गो चॅनिंग या दोघींची नावं जोडून केलेली. कीस तुझा पक्का.

विंगेतला_पोरगा:
हे मूळ नाटकातून आलंय. अँथनी शॅफरचं नाटक, १९७० चं, त्याच्या छापील कार्यक्रमपत्रिकेतसुद्धा अशीच खोटी नावं होती, नाहीतर प्रेक्षक आधीच हिशोब करून बसतो की नट दोनच आहेत म्हणजे हा तोच. आणि नाटकात गोळी सुटते तिथे अंक पडतो, इन्स्पेक्टर येतो तो थेट मध्यंतरानंतर, म्हणजे लोक बाहेर चहा पीत असताना आत आरामात मेकअप. सिनेमात ती सोय नाही, कॅमेरा तर नाकात घुसतो, त्यामुळे तिथे पाटीवरच जास्त भिस्त.
आम्ही गणपतीत एकांकिका करायचो तेव्हा प्रॅक्टिसला येऊन येऊन दोघंच यायचे, मग मामा पण मीच आणि पोस्टमन पण मीच. स्पिरिट गमने मिशी लावलेली, सप्टेंबरचा घाम, "तार आली" म्हणेपर्यंत मिशी हनुवटीवर. पहिल्या रांगेतली आजी मोठ्याने म्हणाली, अगं हा तर मघाचा मामाच! तेव्हापासून केनबद्दल मला फार आदर आहे.

नो_स्पॉइलर_प्लीज:
मला ही चीटिंग वाटते बाबा. कथेत फसवा, हजारदा फसवा, पण पाटी म्हणजे सिनेमाच्या बाहेरची गोष्ट ना, तिथे तरी खरं बोला.

खजराना_काका:
अरे, हा सिनेमाच दोन खोटारड्यांच्या खेळाचा, पाटी तेवढी हरिश्चंद्र कशाला हवी? आणि त्या वर्षी बेस्ट अॅक्टरच्या ऑस्करला दोघांनाही नामांकन होतं, म्हणजे अख्ख्या कास्टलाच. मिळालं ब्रँडोला, गॉडफादरसाठी, ते सोड.

अपन_इंदोरी:
२००७ चा स्लूथ पण बघून टाका. त्यात केन म्हाताऱ्या लेखकाच्या, म्हणजे ऑलिव्हिएच्या, रोलमध्ये आणि केनचा जुना रोल ज्यूड लॉ करतो. पटकथा हॅरॉल्ड पिंटरची, दीड तासात खेळ खलास. मला नाही जमला, घर सगळं काच आणि कॅमेरे, जुन्या बंगल्यात कशी खेळणी, बाहुल्या, बाहेर तो झुडपांचा भूलभुलैया, नजर कुठे ठेवू समजत नाही.

जिरावण_जास्त:
काका, टॅरंट-हिग्ज चालले! बाबांनी चष्मा लावून पाटी दोनदा वाचली, मग थोडा वेळ गप्प. उद्या कीस. पण आता नवीनच सुरू झालंय, तो बटण दाबलं की टाळ्या वाजवत हसणारा खलाशी बाहुला आहे ना, बाबा म्हणतात मग त्याच्या आतही केनच बसलेला असणार.