शनिवारच्या रेसला ऑटो क्लच बंद करायचा का?

पार्कचौक_ई३०:
पुढच्या महिन्यापासून आपल्या शनिवारच्या रेसला असेटो कोर्सा या कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेममधली बीएमडब्ल्यू एम३ ई३० ठरली आहे. माझी मागणी अशी की सर्व्हरवर ऑटो क्लच, म्हणजे गिअर बदलताना गेमने आपोआप क्लच दाबायची सोय, बंद ठेवायचा. ऑटो ब्लिप, म्हणजे गिअर खाली टाकताना आपोआप मिळणारी रेस, ज्याने त्याने आपापल्या सेटिंगमध्ये बंद करायचा, शब्दावर.

कारण सांगतो. या गाडीचा तिसरा गिअर १.७७ चा, दुसरा २.४० चा. तिसऱ्यात ४५०० आरपीएमवर असताना दुसरा टाकला, तर त्याच वेगाला इंजिन ६१०० वर हवं. मधले १६०० कोणीतरी भरायचे. ब्रेक न सोडता उजव्या पायाच्या कडेने ॲक्सिलेटर दाबून रेस दिली तर ते इंजिन स्वतः भरतं. नाही दिली तर क्लच सुटताक्षणी मागची चाकं इंजिनाला ओढून वर नेतात. ब्रेकमुळे वजन आधीच पुढे गेलेलं असतं, मागच्या टायरांत तेवढी पकड उरलेली नसते, आणि गाडी गर्रकन फिरते. ही गाडी चालवण्यातला सगळा जीव त्या अर्ध्या सेकंदात आहे. ते काम सॉफ्टवेअरकडे गेलं तर आपल्या वाट्याला नुसतं स्टीअरिंग उरतं.

मला तीन महिने लागले. रोज जेवण झाल्यावर वीस मिनिटं, फक्त चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा. ज्या रात्री मुजेलो ट्रॅकच्या पहिल्या वळणाला पाचव्यातून खाली येत गेलो आणि गाडी जराही डगमगली नाही, त्या रात्री दोन वाजेपर्यंत झोप लागली नाही.

जुळेसोलापूर_जीटी३:
माझा विरोध. तुमच्याकडे लोखंडी रिग (सीट-स्टीअरिंगची चौकट) आहे मालक, पेडल बोल्टने आवळलेले. आपल्यातले निम्मे जण जी२९ स्टीअरिंग टेबलाला लावून बसतात आणि पेडल शहाबादी फरशीवर. त्या ब्रेकमध्ये रबराचा ठोकळा असतो. ठेवला तर जोरात दाबल्यावर पेडलचा अख्खा डबाच मागे सरकतो. काढला तर ब्रेक इतका मऊ होतो की रेस द्यायला पाय वळवला की ब्रेकही हलतो, कारण तो पेडल किती खाली गेलं ते मोजतो, दाब मोजत नाही. दाब मोजणाऱ्या लोड सेल ब्रेकवाल्याला हा त्रास कळणार नाही. म्हणजे नियम कौशल्याचा म्हणायचा आणि फरक पडणार पेडलच्या किमतीचा.

दुसरं, खऱ्या रेसिंगनेच ही पद्धत मागे टाकली. १९८९ ला फॉर्म्युला वनमध्ये मॅन्सेलने फेरारी ६४० घेऊन ब्राझीलला पहिलीच रेस जिंकली, स्टीअरिंगमागच्या पॅडलने गिअर टाकत. आजच्या जीटी३ वर्गातल्या रेसगाडीत क्लच लागतो तो जागेवरून निघायला. डावा पाय ब्रेकवर मोकळा राहिला की वळणाच्या आतपर्यंत ब्रेक हळूहळू सोडत नेता येतो. शिकायचंच असेल तर पोरांनी आधी ते शिकावं.

पार्कचौक_ई३०:
१९९१ चं फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद आयर्टन सेनाने हाताने गिअर टाकतच जिंकलं. त्या वर्षी विल्यम्स संघाकडे सेमी-ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता आणि सुरुवातीच्या रेसमध्ये त्यांना तोच दगा देत होता. आणि आपण जीटी३ निवडलेलीच नाही. दीड वर्ष जीटी३ केल्यावर सगळ्यांनी मिळून ई३० ठरवली ती तिच्या गिअर लिव्हरसाठीच ना? पहिला गिअर डावीकडे खाली, असा बॉक्स आहे तिचा. पॅडल दाबून ती चालवायची असेल तर गाडीच बदलू.

होटगीरोड_गॅरेज:
मी रेस करत नाही, पुतण्या करतो. ३० वर्षं गाड्यांखाली गेली म्हणून लिहितो.

आम्ही ट्रकवर शिकलो तेव्हा गिअरबॉक्सला सिंक्रो (गिअरांचा वेग आपोआप जुळवणारा भाग) नव्हता. क्लच, न्यूट्रल, क्लच सोड, रेस दे, परत क्लच, मग गिअर. डबल क्लच. रेस कमी पडली की बॉक्स किरकिरायचा आणि शेजारी बसलेले उस्ताद हातावर चापट मारायचे. तेव्हा कान शिकला, पाय नंतर. या पोरांचंही तसंच होतंय, पुतण्या हेडफोन लावून आवाजावरून गिअर टाकतो. ते शिक्षण खरंच आहे, त्याला खोटं म्हणू नका.

खोटा आहे तो क्लच. खऱ्या गाडीत क्लच कुठे धरतो ते तळपायाला कळतं, गाडी अंगाखाली हलते. तुमच्या पेडलमध्ये नुसती स्प्रिंग. पुतण्याने एकदा तुळजापूरच्या घाटात माझ्या जुन्या जिप्सीत हे करून पाहिलं. घरच्या कडक ब्रेकची सवय, त्याच जोराने दाबला आणि रेस द्यायच्या आधीच गाडीने नाक टेकलं. मागे ऊस भरलेला ट्रॅक्टर होता. रस्त्यावर हे करू नका, हात जोडून सांगतो.

कंबरतलाव_२७:
माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दर लॅपला पंधरा-वीस वेळा क्लच दाबून अर्धा तास काढणं मला शक्य नाही. ऑटो क्लच बंद झाला तर मी बाहेर. तेवढं लक्षात असू द्या.

पार्कचौक_ई३०:
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सर्व्हरवरचं बटण सगळ्यांना एकच असतं, त्यामुळे बंद केलं तर तुम्ही अडकता. मग असं करू, सर्व्हरवर चालू ठेवू आणि हाताने चालवणाऱ्यांची गुणयादी वेगळी लावू.

जुळेसोलापूर_जीटी३:
वेगळी यादी नको. दुसरी यादी आपोआप कच्च्या लिंबांची होते, आणि गुडघ्याचं दुखणं असलेला माणूस त्यात बसवायचा हे मला पटत नाही. यादी एकच ठेवा. ज्याला क्लच दाबायचाय त्याने दाबावा. नीट जमला तर तो ऑटो क्लचपेक्षा मागे पडणार नाही, कारण ऑटोला प्रत्येक गाडीसाठी ठरवून दिलेली वेळ घ्यावीच लागते. जमत नसेल तर वेळ जाईल, चुकून पाचव्याऐवजी तिसरा पडला तर इंजिनही जाईल. ती जोखीम ज्याची त्याने घ्यावी.

पार्कचौक_ई३०:
मग कोणी घेणारच नाही लका. मीही सक्ती केली म्हणूनच शिकलो, स्वतःवर.

होटगीरोड_गॅरेज:
भांडण पेडलच्या सरकण्यावरून असेल तर ते सुटण्यासारखं आहे. डब्याच्या मागे भिंतीपर्यंत लाकडी फळी अडकवा. ब्रेक पूर्ण दाबल्यावर ॲक्सिलेटर त्याच्या किंचित खाली यायला हवा. तो फार खोल किंवा लांब असेल तर वर ॲल्युमिनियमची पट्टी बसवायची, ब्रेकच्या बाजूला दोन बोटं रुंद. पायाचा चवडा ब्रेकच्या उजव्या कडेवर, रेस पायाच्या बाहेरच्या कडेने. याला हील-अँड-टो म्हणतात, तरी टाच लागतेच असं नाही. रविवारी दुकान बंद असतं, पेडल घेऊन या, पट्टी कापून देतो.

जुळेसोलापूर_जीटी३:
काका, अकराला येतो. माझं मत मात्र विरोधातच मोजा.