१९५ जणांना सोडलं तो मोठेपणा होता म्हणे!

खवट_नागपूरकर

'शांतताप्रिय' यांनी विजय दिवसाच्या निमित्ताने जे लिहिलंय ते वाचून डोकं फिरलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: १९७१ च्या युद्धगुन्ह्यांसाठी वेगळे काढलेले १९५ पाकिस्तानी कैदी १९७४ मध्ये खटला न चालवता परत पाठवले ही मुत्सद्देगिरी होती, सूडाच्या मागे न लागणारे देश पुढे जातात, आणि हल्ली ढाक्यात जे चाललंय ते बघता खटले झाले नाहीत तेच बरं. तिथेच प्रतिसाद टंकत होतो, पण तो मारुतीच्या शेपटासारखा वाढला म्हणून वेगळा धागा.

पहिला प्रश्न, माफ कोणी केलं? १४ डिसेंबर १९७१ च्या सुमारास ढाक्यातून प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार घरातून उचलून नेले. रायेरबाजारच्या वीटभट्टीपाशी प्रेतं सापडली तेव्हा हात मागे बांधलेले, डोळ्यांवर पट्ट्या. त्यांच्या बायकापोरांना कोणी विचारलं होतं का, की बाई, सोडून देऊ का यांना?

आधी यादी दीड हजारांची होती. घासत घासत १९५ वर आणली. त्यांच्यासाठी बांगलादेशाने १९७३ च्या जुलैत घटना दुरुस्त केली, खास कायदा केला. आणि ९ एप्रिल १९७४ ला दिल्लीत त्रिपक्षीय करार होऊन सगळे सुटले. पाकिस्तानकडून काय मिळालं? 'काही गुन्हे झालेच असतील तर' त्याबद्दल निषेध आणि खेद. झालेच असतील तर!

मार्च १९७१ ची ढाक्यातली लष्करी कारवाई चालवणारा टिक्का खान पुढे पाकिस्तानचा लष्करप्रमुख झाला, नंतर पंजाबचा राज्यपाल. ढाक्यातला दुसरा जनरल राव फरमान अली पाकिस्तानात झिया-उल-हकच्या काळात मंत्री. चाळीस वर्षांनी फाशी कोणाला? तर पाकिस्तानी सैन्याला वाटा दाखवणाऱ्या स्थानिक टोळ्यांना, म्हणजे रझाकारांना, अल-बद्रवाल्यांना. गडी फासावर आणि मालक पेन्शनवर. याला मोठेपणा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

शांतताप्रिय

माझं नाव घेऊन धागा काढलात, आभार. टीआरपी वाढवा.

आता जरा १९७३ सालात जाऊन बसा. काही लाख बंगाली पाकिस्तानात अडकलेले. त्यात सरकारी नोकर, सैनिक, त्यांचे संसार. पाकिस्तानचे भुट्टो उघड सांगत होते की तुम्ही आमच्यावर खटले भराल तर आम्ही यांच्यावर भरू. चीनने ऑगस्ट १९७२ मध्ये नकाराधिकार वापरून बांगलादेशाला संयुक्त राष्ट्रांच्या दारातच अडवलेलं. पाकिस्तानची मान्यता नाही, देश दिवाळखोर, आणि आपल्याकडे ९३ हजार कैदी खायला बसलेले. बांगलादेशचे पंतप्रधान मुजीब यांच्या खुर्चीत तुम्ही असता तर काय केलं असतं, नागपूरकर? मेलेल्यांना न्याय की जिवंतांना घर?

बंगाली परत आले. फेब्रुवारी १९७४ मध्ये पाकिस्तानने मान्यता दिली. त्याच सप्टेंबरात बांगलादेश संयुक्त राष्ट्रांत गेला. याला सौदा म्हणा, माझी हरकत नाही. पण फसलेला सौदा म्हणू नका.

वकीलसाहेब

दोघंही कायद्याच्या कडेकडेने चालताय, म्हणून पडतो मध्ये.

युद्ध संपलं की कैदी विनाविलंब परत पाठवा, असं तिसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम ११८ सांगतं. पुढचंच कलम ११९ सांगतं की ज्याच्यावर फौजदारी कारवाई चालू आहे त्याला ती संपेपर्यंत ठेवता येतं. म्हणजे ९३ हजार ठेवण्याला आधार लंगडा होता, १९५ ठेवण्याला भक्कम होता. आपण नेमकं उलटं केलं: सगळ्यांना दीड-दोन वर्षं सांभाळलं आणि शेवटी त्या १९५ जणांसकट पाठवून दिलं.

गंमत पुढे आहे. मे १९७३ मध्ये पाकिस्तान आपल्याविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. युक्तिवाद काय, तर वंशसंहार कराराप्रमाणे या १९५ जणांवर खटला चालवायचा अधिकार फक्त आमचा! प्रत्यक्षात त्या कराराचं कलम ६ म्हणतं की गुन्हा ज्या भूमीवर घडला तिथलं न्यायालय, किंवा आंतरराष्ट्रीय. भूमी ढाक्याची होती. डिसेंबरात पाकिस्तानने अर्ज मागे घेतला. कैदी घरी पोचल्यावर त्या 'फक्त आमच्या' अधिकाराने किती खटले चालले? शून्य. पराभवाची चौकशी करणाऱ्या त्यांच्याच हमूदुर रहमान आयोगाने वरिष्ठांचं कोर्ट मार्शल करा म्हटलं होतं, तेही झालं नाही.

सातारचा_फौजीपुत्र

कलमं वाचून झाली असतील तर एक ऐका.

वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत. जमालपूरला होते. तिथल्या पाकिस्तानी पलटणीला शरण या म्हणून आपल्या ब्रिगेडियरसाहेबांनी चिठ्ठी पाठवली, तर उत्तराच्या कागदात गुंडाळून बंदुकीची गोळी आली. अशांशी लढून ती जागा घेतली. आणि नंतर वडिलांची ड्यूटी कुठे, तर युपीतल्या एका कैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याला. कैदी पक्क्या बराकीत आणि आमचे जवान थंडीत तंबूत. कैद्यांना भत्त्याची कुपनं, त्यावर कॅन्टीनमधून सिगारेट, साबण, दाढीची पाती. वडील सांगायचे, एक कॅप्टन रोज तक्रार करायचा की मटणात हाडंच जास्त आहेत.

न्याय वगैरे ठीक आहे हो. पण एवढं सगळं हातात असताना युद्धात बेपत्ता झालेले, पाकिस्तानच्या तुरुंगात असल्याचं म्हटलं जातं ते आपले ५४ जवान परत का आणले नाहीत? ९३ हजार दिले आणि ५४ मागता आले नाहीत? यावर कोणी कलम सांगेल का?

ढाका_रिटर्न

मी गारमेंटच्या कामासाठी ढाक्यात राहायचे. २०१३ चा फेब्रुवारी आठवतो. १९७१ च्या गुन्ह्यांसाठी जमातचा नेता अब्दुल कादर मोल्लाला जन्मठेप झाली आणि तो कोर्टातून बाहेर येताना दोन बोटं उंचावून विजयाची खूण करत होता. त्या रात्रीपासून शाहबागचा चौक भरायला लागला. आमच्या मर्चंडायझर पोरी ऑफिस सुटलं की तिकडे. कडेवरच्या लेकरांच्या कपाळाला 'फाशी चाई'च्या पट्ट्या. माझ्याही अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू.

पण मग सरकारने काय केलं? सरकारी पक्षाला शिक्षा वाढवून मागता यावी म्हणून निकालानंतर कायदा बदलला, आणि डिसेंबरात त्याला फाशी दिली. माझ्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहायचे, १९७१ मध्ये त्यांचा थोरला भाऊ गेला होता. ते म्हणाले, "हा माणूस दोषी आहे यात मला शंका नाही. पण खेळ चालू असताना नियम बदलला, आता उद्या ते आमच्यावर बदलतील." त्यामुळे नागपूरकर, तुमचं अर्धंच पटतं.

शांतताप्रिय

बघा! हेच मी म्हणत होतो. पंतप्रधान असताना शेख हसीनांनी २०१० मध्ये १९७३ च्या त्या कायद्याखाली जे न्यायाधिकरण उभं केलं, त्याच न्यायाधिकरणाने १७ नोव्हेंबर २०२५ ला त्यांनाच गैरहजेरीत फाशी सुनावली. आणि त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जमातचा नेता अझहरुल इस्लामची १९७१ च्या खटल्यातली फाशी रद्द करून त्याला निर्दोष सोडलं. राज्य बदललं की गुन्हेगार बदलतो.

खवट_नागपूरकर

म्हणजे २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हसीना सरकारने आंदोलक पोरांवर गोळ्या झाडल्या त्याचाही हिशोब नको? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात १४०० पर्यंत मृत्यूंचा अंदाज आहे. न्यायालय वाईट चाललं तर न्यायालय सुधारा, गुन्ह्यावर पांघरूण कसलं घालताय? आणि १९७४ मध्ये पुरावा ताजा होता, साक्षीदार जिवंत होते, आरोपी कोठडीत होते. तेव्हा चालवला असता तर २०१३ चा तमाशा लागलाच नसता.

पाल_भक्त

न्या. राधाबिनोद पाल यांनी १९४८ मध्येच टोकियोत, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या खटल्यात, सांगून ठेवलंय, जेत्यांचा न्याय हा न्यायच नव्हे. सगळ्या आरोपींना निर्दोष म्हणणारा एकटा भारतीय! अभिमान बाळगा.

वकीलसाहेब

पालसाहेबांनी निर्दोष म्हटलं ते प्रामुख्याने आक्रमक युद्ध आणि कट या आरोपांच्या पायावर, आणि अत्याचारांसाठी वरच्या नेत्यांना जबाबदार धरण्याएवढा पुरावा नाही म्हणून. अत्याचार झालेच नाहीत असं ते म्हणाले नव्हते. निकालपत्र हजाराच्या वर पानांचं आहे, फॉरवर्ड केलेल्या मजकुरात मावत नाही.

सातारचा_फौजीपुत्र

पाल झाले, हसीना झाल्या. ५४ चं काय?

वकीलसाहेब

दादा, भावना समजते, पण विषय वेगळा आहे. पाकिस्तान आमच्याकडे कोणीच नाही म्हणतो. २००७ मध्ये काही नातेवाईक तिथल्या तुरुंगांत जाऊन आले, हाती काही लागलं नाही.

सातारचा_फौजीपुत्र

छत्तीस वर्षांनी आगाऊ कळवून गेल्यावर काय लागणार? कोठडीवर नावाची पाटी असते का? आणि 'भावना समजते' हे वाक्य तुमच्या अशिलांसाठी ठेवा. युद्धकैदी लपवून ठेवणं हा युद्धगुन्हा नाही का? मग तो याच धाग्यात बसतो.

ढाका_रिटर्न

बसतो. सॉरी वकीलसाहेब, पण बसतोच. कैद्यांची पूर्ण यादी हातात पडेपर्यंत ते १९५ तरी अडकवून ठेवायचे होते.

शांतताप्रिय

आता ओलीस ठेवायला सांगा! अडकलेल्या बंगाल्यांचं भुट्टोंनी तेच केलं होतं ना?

सातारचा_फौजीपुत्र

एसी रूममध्ये बसून शांतता वाटणं सोपं असतं साहेब. आमच्या तालुक्यात या, वॉर मेमोरियलसमोर उभं राहून हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवा.

वकीलसाहेब

वैयक्तिक नको. आणि सीमेपलीकडे बोट दाखवण्याआधी घरात बघा. भारताने वंशसंहार करार १९५९ मध्ये मंजूर केला, त्यासाठी देशात वेगळा कायदा आजतागायत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम करारावर सही नाही. १९८४ च्या शीख हत्याकांडात सज्जन कुमारला शिक्षा व्हायला २०१८ उजाडलं, आणि त्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट लिहिलं की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार आपल्या कायद्यात गुन्हा म्हणून आणलेलेच नाहीत. ते १९५ आपण दिल्लीत उभे केले असते तरी कोणत्या कलमाखाली?

खवट_नागपूरकर

म्हणूनच ते ढाक्याला द्यायचे होते. कायदा तिथे तयार होता. तुमच्याच कलम ६ प्रमाणे.

वकीलसाहेब

हं. हे बरोबर आहे. नाइलाजाने.

शांतताप्रिय

चला, माझ्याकडूनही घ्या. १९५ पैकी हुकूम देणाऱ्या वरच्या दहा-वीस जणांवर ढाक्यात, परदेशी न्यायाधीश सोबत बसवून खटला चालायला हरकत नव्हती. फाशी नाही. बाकीचे बंगाल्यांच्या बदल्यात परत. झालं समाधान?

खवट_नागपूरकर

दहा की वीस? नावं टाका, मग बोलू. आणि परदेशी न्यायाधीश १९७४ मध्ये कुठून आणणार होतात, चीनमधून?

सातारचा_फौजीपुत्र

५४ चा वेगळा धागा काढतोय. वकीलसाहेब, तिथे या. तुमच्या त्या कलम ११८ मध्ये 'विनाविलंब' लिहिलंय ना, त्यावरच सुरू करतो.