जीएनएम झालं, पहिली नोकरी कुठे धरू? तालुक्यातलं छोटं हॉस्पिटल की पुणे?

परभणीची_सिस्टर

नमस्कार सगळ्या ताई-दादांना. माझं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) यंदा झालं, फर्स्ट क्लास आहे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला रजिस्ट्रेशनचा अर्ज भरलाय पण नंबर अजून आला नाही. नोकरीचं बघतेय आणि डोकं पार भंजाळून गेलंय म्हणून इथे विचारते.

दोन ठिकाणी बोलणं झालंय. एक आमच्या तालुक्यातलंच, डॉक्टर नवरा-बायको चालवतात, २० बेडचं, जास्त करून डिलिव्हरी आणि सिझर. महिना ९,००० म्हणतात, घरून जाऊन येऊन होईल, पण दोन वर्षांचा बॉण्ड लिहून द्यायचा आणि मार्कशीट-सर्टिफिकेट ओरिजिनल त्यांच्याकडे ठेवायची. नंबर नसला तरी चालेल, उद्यापासून ये म्हणाले. दुसरं पुण्यात, १५० बेडचं, मैत्रिणीची मोठी बहीण तिथे आहे. १७,५०० देतात, त्यातून हॉस्टेल आणि मेसचे कापतात, आणि नंबर आल्याशिवाय जॉइन करून घेणार नाही असं स्पष्ट सांगितलं.

आई म्हणते घराजवळ कर, पुण्यात एकटी कशी राहशील. पप्पा काही बोलत नाहीत, फक्त सरकारी जागा कधी निघणार ते विचारतात. मला पुढे नॉरसेट, म्हणजे एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा, द्यायची आहे हे नक्की.

आणि एक भीती आहे ती घरी कुणाला सांगितली नाही. शिकताना हॉस्पिटलच्या पोस्टिंगला एका वॉर्डात आम्ही इतक्या जणी असायचो की बीपी, टेम्परेचर आणि बेड मेकिंग सोडून हाताला फार काही लागायचंच नाही. कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत घालायची नळी) डमीवर भरपूर लावला, पेशंटवर क्वचित. पहिल्या दिवशी वॉर्डात उभं केलं आणि म्हणाले हे दहा पेशंट तुझे, तर काय करायचं?

वॉर्ड_नंबर_सात

अगं पहिली गोष्ट, ओरिजिनल कागद कुणालाही द्यायचे नाहीत. कुणालाही म्हणजे कुणालाही, डॉक्टर कितीही चांगले असोत, ओळखीचे असोत. व्हेरिफिकेशनला दाखवायचे, झेरॉक्सवर सही करून द्यायची आणि ओरिजिनल त्याच दिवशी घरी आणायचे. इंडियन नर्सिंग कौन्सिलनेसुद्धा ही बॉण्डची आणि कागद अडकवून ठेवायची पद्धत चुकीची म्हणून सांगितलेलं आहे, तरी ती चालते, कारण आपल्या पोरी नोकरी मिळतेय याच आनंदात सही करून मोकळ्या होतात. उद्या सरकारी भरतीची कागदपत्र पडताळणी आली आणि सर्टिफिकेट त्यांच्या कपाटात असलं, तर तू त्यांच्या दारात विनवण्या करत बसणार आहेस का?

आणि नंबर नसताना उद्यापासून ये म्हणणारं हॉस्पिटल तुझी नाही, स्वतःची सोय बघतंय. रजिस्ट्रेशनशिवाय नर्स म्हणून पेशंटला हात लावायचा आपल्याला अधिकारच नाही. काही कमीजास्त झालं तर डॉक्टर म्हणतील सिस्टरने केलं, आणि सिस्टर कागदावर कुठेच नसेल.

आता मुख्य मुद्दा, नॉरसेट. तू बीएस्सी असतीस तर मी एवढा आग्रह धरला नसता कारण त्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएमवाल्यांना दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि तो किमान ५० बेडच्या हॉस्पिटलचा लागतो, तोसुद्धा शिक्षण आणि रजिस्ट्रेशन झाल्यानंतरचा. म्हणजे तालुक्यातल्या त्या २० बेडमध्ये तू बॉण्डची दोन्ही वर्षं राबलीस तरी नॉरसेटच्या हिशोबात ती शून्य. वयाची अट ओपनला ३० आहे, वर्षं अशी घालवून चालणार नाही. पुण्याला जा. पगाराच्या फरकासाठी नाही, १५० बेड आणि नंबर मागणारी माणसं यासाठी जा.

जॉइन झालीस की अपॉइंटमेंट लेटर लेखी घे, पगार बँकेतच येऊ दे, स्लिपा जपून ठेव. सोडताना एक्सपिरियन्स लेटरवर जॉइनिंगची तारीख, सोडल्याची तारीख, तुझं पद आणि हॉस्पिटलचे एकूण बेड एवढं लिहून घ्यायचंच. बेडचा आकडा नाही म्हणून नंतर धावाधाव करणाऱ्या मुली बघितल्यात मी, आणि तोवर एचआरमधली माणसंही बदललेली असतात.

घाटावरची_माय

आईची काळजी खरी आहे, तिला उडवून लावू नको. माझी लेक नाशिकला लागली तेव्हा मीही अशीच होते. आईला एकदा सोबत घेऊन जा, हॉस्टेल दाखव, वॉर्डन कोण आहे, नाइट सुटल्यावर यायला गाडी आहे का की मुलींनी रिक्षा शोधायची, खोलीत किती जणी, पाणी आहे का, सगळं तिच्या डोळ्यांनी बघू दे. आणि कटिंगचं आधीच नीट विचार गं. १७,५०० मधून हॉस्टेल, मेस, पीएफ जाऊन हातात किती येतात तो आकडा कागदावर माग. तोंडी काही खरं नसतं.

आयसीयू_ब्रदर

वरच्या ताईंनी नोकरीचं सांगितलंच आहे, मी तुझ्या भीतीबद्दल बोलतो, कारण नवीन स्टाफला आमच्याकडे मीच घेऊन फिरतो.

कॅन्युला येत नाही याचं टेन्शन घेऊ नको. तो हात बसायचा विषय आहे, जॉइन झाल्यावर सकाळच्या ड्युटीत सीनियरच्या मागे लाग, ताई मला लावू द्या म्हण, चांगल्या व्हेनचे (शिरांचे) पेशंट आधी घे, दोनदा गेला नाही तर तिसऱ्यांदा टोचायचं नाही, सीनियरला बोलवायचं. दोन-तीन महिन्यांत येतो. लक्ष औषधांवर दे, कारण कॅन्युला चुकला तर सूज येते, औषध चुकलं तर माणूस जातो.

इन्शुलिनचं उदाहरण घे. आपल्याकडे वायल (औषधाची छोटी बाटली) बहुतेक ४० युनिट पर एमएलची असते, पण १०० ची पण मिळते, आणि सिरिंजही दोन्ही येतात, लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. नातेवाईक मेडिकलमधून काय घेऊन येईल सांगता येत नाही. १०० ची वायल आणि हातात ४० ची सिरिंज असेल आणि तू १० च्या खुणेपर्यंत भरलंस, तर पेशंटला गेले २५ युनिट. अडीच पट! रात्री दोन वाजता शुगर खाली आली तर झोपलाय असंच वाटतं सगळ्यांना. म्हणून वायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दोन्ही मोठ्याने वाचायचे आणि शेजारच्या सिस्टरला दाखवायचे. इन्शुलिन, हेपारिन (रक्त पातळ करणारं), पोटॅशियम क्लोराइड म्हणजे केसीएल, ही औषधं एकटीने कधीच द्यायची नाहीत, आणि केसीएल तर डायरेक्ट पुश कधीही नाही, डायल्यूट करूनच, कितीही मोठ्या डॉक्टरने घाईत सांगितलं तरी. ऑर्डर फोनवर आली तर लिहून घे, परत वाचून दाखव, आणि आरएमओची (ड्युटीवरच्या डॉक्टरची) सही त्याच शिफ्टमध्ये घे.

ड्रिपचं गणितही पाठ करून जा. सेटच्या पाकिटावर लिहिलेलं असतं एक एमएलला किती थेंब. २० चा सेट असेल आणि ५०० एमएल ८ तासांत द्यायचं असेल तर ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. पंप सगळीकडे मिळत नाहीत, घड्याळ लावूनच मोजावं लागतं.

ओव्हर, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंटचा ताबा, घेताना फाईल बघून घेऊ नको, पेशंटच्या बेडजवळ उभी राहून घे. कॅन्युला कुठे आहे, जागा लाल झालीय का, बॅगेत किती उरलंय, युरिन किती झालं, कुठला रिपोर्ट यायचाय, स्वतः बघ. आधीच्या सिस्टरला घरी जायची घाई असते, तिचंही बरोबर असतं, पण ती गेल्यावर सगळं तुझ्या नावावर. आणि दहा पेशंट एकदम देतील याला फार घाबरू नको, बऱ्या हॉस्पिटलात आधी ओरिएंटेशन असतं आणि काही दिवस सीनियरसोबत ठेवतात. इंटरव्ह्यूलाच विचार, नवीन मुलीला एकटीने नाइट कधीपासून लावता. उत्तर देताना चाचरले तर समजून जा.

जाता जाता, नॉरसेटला मुलींना ८० टक्के जागा आहेत, आम्हा ब्रदर लोकांना २०. आम्ही त्या २० मध्ये मारामारी करतोय, तू ८० मध्ये आहेस, अभ्यास सोडू नको.

परभणीची_सिस्टर

खूप खूप आभार सगळ्यांचे, रडूच आलं वाचताना. ५० बेडचं मला कॉलेजमध्ये कुणीच सांगितलं नव्हतं!! तालुक्याच्या डॉक्टरांना आजच नाही म्हणून कळवते. घाटावरच्या माय, आईला तुमचा मेसेज वाचून दाखवला, ती पुण्याला यायला तयार झाली.

अजून दोन गोष्टी विचारते. पुण्याच्या इंटरव्ह्यूला काय विचारतात? आणि सुई टोचली तर काय करायचं असतं, आमच्या एका सीनियरला टोचली होती आणि तिला नुसतं डेटॉल लाव म्हणाले होते.

इन्फेक्शन_कंट्रोल_ताई

सुईचं मी सांगते, माझं कामच ते आहे. टोचली की लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, डेटॉल-स्पिरिट काही चोळायचं नाही. मग तिथल्या तिथे इंचार्जला सांगायचं आणि रजिस्टरला नोंद करायची. लाज वाटते म्हणून, किंवा बोलणी बसतील म्हणून मुली लपवतात, मला याचाच जीव जळतो. पेशंटची एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी), एचसीव्ही (हिपॅटायटिस सी) तपासणी होते, तुझी पण होते, आणि गरज असेल तर पीईपीच्या, म्हणजे एचआयव्हीची लागण रोखायच्या, गोळ्या. त्या शक्यतो २ तासांच्या आत सुरू व्हाव्यात, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि २८ दिवस पूर्ण घ्यायच्या. हॉस्पिटलने टाळाटाळ केली तर जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजच्या एआरटी (एचआयव्ही उपचार) सेंटरला सरळ जायचं, तिथे मिळतात.

पण त्याच्या आधी हिपॅटायटिस बीची लस. तीन डोस, पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. कॉलेजमध्ये झाले असतील तर कार्ड शोधून ठेव, नसतील तर नंबर येईपर्यंत घरी बसली आहेस तर पहिला डोस आत्ताच घे. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लस लागू पडली का ते सांगणारी रक्ततपासणी) करायचा, १० च्या वर हवा. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, बहुतेकींना तिथेच टोचते. पांढऱ्या पंक्चरप्रूफ डब्यात सरळ, आणि डबा पाऊण भरला की बदलायला सांगायचं. मावशी ओरडल्या तरी चालेल, कचरा उचलताना टोचली तर सगळ्यात आधी त्यांनाच टोचते.

वॉर्ड_नंबर_सात

इंटरव्ह्यूचं. मेट्रन (नर्सेसच्या प्रमुख) घेतात बहुतेक, सोबत एचआरचं कुणीतरी. इंग्रजी फाडफाड नको, मराठीत बोललं तरी पुण्यात चालतं, पण औषधांची आणि इक्विपमेंटची नावं नीट यायला हवीत. सीपीआर हमखास असतो, मोठ्या माणसाला ३० दाबांना २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबली पाहिजे. अरेस्टमध्ये (हृदय बंद पडलं तर) अॅड्रिनॅलिन १ एमजी, दर ३ ते ५ मिनिटांनी. जीसीएस (पेशंट किती शुद्धीत आहे त्याचा स्कोअर) ३ ते १५ मध्ये कसा मोजायचा. रक्तातलं पोटॅशियम नॉर्मल किती, ३.५ ते ५. कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या डब्यात काय काय जातं. ब्लड लावायच्या आधी काय तपासायचं आणि रिअॅक्शन आली तर पहिलं काय करायचं, याचं उत्तर ट्रान्सफ्युजन थांबवायचं, डॉक्टरला फोन त्यानंतर. येत नाही ते येत नाही म्हणून सांग, थापा मारलेल्या मेट्रनला लगेच कळतात.

पगाराचंही घाबरत विचारू नको. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने ५० बेडच्या खालच्या हॉस्पिटलातसुद्धा नर्सला २०,००० च्या खाली देऊ नये अशी शिफारस केली होती, आणि १०० ते २०० बेडला सरकारी पगारापेक्षा फार तर १० टक्के कमी. सरकारी अधिपरिचारिकेचं (स्टाफ नर्सचं) मूळ वेतनच ३५,४०० पासून सुरू होतं. म्हणजे १७,५०० देऊन ते उपकार करत नाहीयेत, एवढं डोक्यात ठेवून बस. वाढ कधी आणि किती, आठवड्याला ऑफ किती, डबल ड्युटी केली तर पैसे की बदली सुट्टी, हे विचारायला लाजू नको.

कौन्सिलच्या साइटवर अर्जाचं स्टेटस अधूनमधून बघत जा, फोटो किंवा सहीसाठी अर्ज अडकून पडतो आणि आपण नंबरची वाट बघत बसतो. नंबर आला की इथे टाक. माझ्या रूममधली एक बेड पुढच्या महिन्यात रिकामी होतेय, स्वारगेटजवळ आहे, हॉस्टेल पसंत नाही पडलं तर आईला घेऊन ये बघायला.