‘डार्क साइड ऑफ द मून’ सलग वाजवायचाय: कॉलेज बँडची तयारी कशी करावी?

सुरबहार_२२

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत वाजवायचाय. हातात दहा आठवडे आहेत. ड्रम्स, बेस, दोन गिटार, एक कीबोर्ड आणि गाणाऱ्या तीन मुली एवढे जण आहोत. सॅक्सोफोन नाही. हॉल बंदिस्त आहे, मिक्सर १६ चॅनेलचा. आणखी किती माणसं लागतील? रेकॉर्डवरचे घड्याळं, नाणी वगैरेंचे आवाज लॅपटॉपवरून लावले तर बँड त्यांच्यासोबत कसा ठेवायचा? त्यातल्या ‘मनी’ गाण्याच्या सात मात्रा ड्रमरला अजून बसत नाहीयेत, त्यावर काय करावं? आणि परवानगी काही लागते का?

मंद्रसप्तक

दुसरा कीबोर्डवाला हवाच. त्यांचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट याने स्टुडिओत एकावर एक थर चढवले आहेत. ‘एनी कलर यू लाइक’मध्ये सिंथ पुढे आणि ऑर्गन मागे, दोन्ही चालू असतात. आणखी एक माणूस फक्त लॅपटॉपवरच्या आवाजांसाठी, ज्याच्या हातात वाद्य नाही असा. सॅक्स धरून स्टेजवर अकरा जण होतात.

सॅक्स ‘मनी’ आणि ‘अस अँड देम’ या दोनच गाण्यांत आहे. डिक पॅरीने दोन्हीकडे टेनर सॅक्स वाजवला आहे. कॉलेजात कोणी नसेल तर बँडपथकांत विचारा, गोव्याकडचे वादक ओळखीचे असतील तर त्यांना गाठा. मात्र त्याला सूर लिहून द्या. टेनर बी फ्लॅटचा असल्यामुळे त्याचे सूर तुमच्यापेक्षा एक स्वर वर लिहावे लागतात: ‘मनी’चा बी मायनर म्हणजे त्याचा सी शार्प मायनर आणि ‘अस अँड देम’चा डी म्हणजे त्याचा ई. ऑल्टोवाला आला तर हेच जी शार्प मायनर आणि बी होईल. पहिल्या तालमीचा तास याच गोंधळात जातो, म्हणून कागद आधी तयार ठेवा.

आता ‘मनी’. बेसच्या रिफमध्ये (पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीत) सात मात्रांत आठ सूर आहेत, कारण दुसऱ्या मात्रेत दोन सूर बसतात. ड्रम्सवर किक (पायाचा मोठा ड्रम) १, ३, ५, ७ ला आणि स्नेअर (हाताचा कडक ड्रम) २, ४, ६ ला. सातवी आणि पुढच्या आवर्तनाची पहिली या दोन्ही मात्रा लागोपाठ किकवर येतात आणि सवयीचा हात तिथे नसलेली आठवी मात्रा स्नेअरवर मारायला धावतो. म्हणून पहिला आठवडा स्टिक बाजूला ठेवून तोंडाने सात मोजा, दुसऱ्या-चौथ्या-सहाव्याला टाळी द्या. मेट्रोनोम ८० पासून सुरू करून पाच-पाचने १२० पर्यंत न्या. बेसवाला शेजारी बसलेला हवा. कोणी तबला शिकलेलं असेल तर रूपकामुळे सातची सवय असते, ती उपयोगी पडते. फक्त रूपकाची सम खाली असते आणि इथे पहिली मात्रा सगळ्यांत वजनदार आहे, हे त्याला आधी सांगा.

सॅक्सचा सोलो सातात, गिटारचा सोलो चारात, शेवटचा अंतरा परत सातात. हे दोन वळणबिंदू रोज वाजवा. गिटार सोलोचा मधला भाग रेकॉर्डवर कोरडा आहे, रिव्हर्ब (घुमारा) नाही, मागचा बँडही विरळ. तिथली मोकळी जागा भरू नका, तिसरा भाग उसळतो तो त्या कोरडेपणामुळेच.

माझं ठाम मत: तालमीचा निम्मा वेळ जोडांना, म्हणजे एका गाण्यातून पुढच्यात जाण्याच्या जागांना द्या. गाणी सुटी सुटी बसतात आणि कार्यक्रम जोडांवर कोसळतो. एका गाण्याच्या शेवटच्या आठ ओळी आणि पुढच्याच्या पहिल्या आठ, एवढंच दहा वेळा. प्रत्येक जोडाला इशारा कोण देणार ते ठरवून चिठ्ठीवर लिहा. ‘ब्रीद’ ई मायनर–ए वर फिरतं आणि ‘एनी कलर’ डी मायनर–जी वर, म्हणजे तीच चाल एक स्वर खाली. दोन्ही एकाच तालमीत घ्या.

तिसरी घंटा

आवाजांची ४३ मिनिटांची एकच फाइल करू नका. बँड एक मात्रा चुकला की पुढचं सगळं सरकतं आणि परतीचा रस्ता राहत नाही. २० जानेवारी १९७२ ला ब्रायटनला खुद्द पिंक फ्लॉइडला हा प्रयोग तांत्रिक बिघाडामुळे ‘मनी’पाशी थांबवावा लागला होता. सात-आठ तुकडे करा, प्रत्येक तुकडा आवाजवाला हाताने सोडेल.

क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) फक्त ड्रमरच्या कानात द्या. त्यासाठी चार आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस घ्या: १-२ वरून आवाज मिक्सरला, ३ वरून क्लिक. क्लिक ‘ऑन द रन’ आणि ‘टाइम’च्या सुरुवातीलाच ठेवा. ‘मनी’त नाण्यांच्या लूपवर (फिरून फिरून वाजणाऱ्या आवाजावर) बँड आत आला की लूप हळूहळू काढून घ्या. रेकॉर्डवरही तो विरत जातो. तसाच चालू ठेवलात तर माणसं पुढे पळतात, नाणी मागे राहतात.

‘ऑन द रन’चा सिक्वेन्स (फिरत राहणारी सुरांची माळ) आठ सुरांचा आहे: ई जी ए जी, डी सी डी ई, गती मिनिटाला साधारण १६५ मात्रा. लॅपटॉपवरच्या कुठल्याही सॉफ्टवेअर सिंथवर होतो. पण नुसता फिरवत ठेवला तर मिनिटभरात कंटाळा येतो. आवाजाचा रंग बदलणाऱ्या फिल्टरचा कटऑफ आणि रेझोनन्स सतत हाताने हलता राहायला हवा. दोन नॉबवर दोन बोटं, बाकी काही नाही.

‘टाइम’च्या सुरुवातीला पिंक फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन याने रोटोटॉम (सुरात लावता येणारे छोटे ड्रम) वाजवले आहेत. भाड्याने मिळाले तर उत्तम, नाहीतर ऑर्केस्ट्रावाल्यांकडचा ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड) आणा. त्यातले टॉमचे आवाज एफ शार्प मायनर आणि ई या कॉर्डमधल्या सुरांना लावून घ्या, नाहीतर कीबोर्डखाली बेसूर वाटतात.

१६ चॅनेल पुरणार नाहीत. ड्रम्स ८, बेस १, गिटार २, दोन कीबोर्ड स्टिरिओ ४, सॅक्स १, गळे ५, ऑक्टोपॅड २, आवाज २ म्हणजे २५. ३२ चॅनेलचा डिजिटल मिक्सर भाड्याने घ्या. ‘अस अँड देम’मध्ये ओळीतला एकेक शब्द मागे घुमत जातो, तो डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) मिक्सरच्या वेगळ्या सेंडवर ठेवून त्या शब्दापुरताच उघडायचा. मिक्सरवाल्याला शब्द पाठ हवेत, म्हणून त्याला शेवटच्या तीन तालमींना बसवा.

हॉलच्या बोर्डाला अर्थिंग नीट नसेल तर गिटार आणि लॅपटॉप घुंईऽऽ करतात. डीआय बॉक्स (वाद्य मिक्सरला जोडणारी पेटी) यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन कधीही तोडू नका, जिवावर बेततं.

सुरबहार_२२

फार मोलाची माहिती, धन्यवाद. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ या शब्दांविना गायच्या गाण्याबद्दल कोणी सांगेल का? तिघींपैकी एकीचाच आवाज तेवढा वर जातो.

खर्ज_षड्ज

तिघींत वाटा. १९९४ च्या दौऱ्यात पिंक फ्लॉइडनेही तीन गायिकांना दिलं होतं. जिचा आवाज वर जातो तिला पहिला आक्रोश, मऊ आवाजाच्या मुलीला नंतरचा शांत भाग. रेकॉर्डवरची गायिका क्लेअर टोरी हिने स्टुडिओत हे उत्स्फूर्त गायलं होतं, त्यामुळे जागान् जागा घोकण्यापेक्षा चढ कुठे, उतार कुठे, श्वास कुठे एवढं पक्कं करा. पूर्ण ताकदीने दिवसातून दोनदाच. बाकी वेळा अर्ध्या आवाजात, नाहीतर कार्यक्रमाच्या आठवड्यात घसा बसेल. माइकवाल्याला सांगा, जोराच्या जागी मुलगी वीतभर मागे सरकेल, त्याने फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) ओढू नये.

हे गाणं रेकॉर्डच्या पहिल्या बाजूचं शेवटचं. इथे अर्धा मिनिट अंधार ठेवता येतो. सॅक्सवाला पुढे येईल, गिटार सुरात लावून होतील.

कलमदान

परवानगीबद्दल. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(जे): शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांनी संगीत सादर केलं आणि प्रेक्षकही विद्यार्थी, कर्मचारी, पालक व संस्थेशी संबंधित माणसंच असली, तर ते उल्लंघन नाही. बाहेरच्यांना तिकीट विकलंत किंवा सॅक्सवाला बाहेरचा आणलात, तर ही सवलत गृहीत धरू नका, आयपीआरएस या गाण्यांचे परवाने देणाऱ्या संस्थेकडे आधी चौकशी करा. व्हिडिओ नेटवर टाकणं हा वेगळा हक्क आहे, त्याला ही सवलत लागू नाही.

रेकॉर्डवरचे बोलण्याचे तुकडे उचलू नका. पिंक फ्लॉइडचा बेसवादक रॉजर वॉटर्स याने ॲबी रोड स्टुडिओतल्या माणसांना कार्डावरचे प्रश्न विचारून ते मिळवले होते. तुम्हीही दहा प्रश्न लिहा आणि वॉचमनकाका, कँटीनवाले, लायब्ररीतल्या मॅडम यांची उत्तरं मराठीत रेकॉर्ड करा. प्रत्येकाची लेखी संमती घ्या.

उघड्यावर हलवायची वेळ आली तर पोलिसांची परवानगी लागेल आणि रात्री दहाला स्पीकर बंद. साउंड चेकला अडीच तास धरून त्या हिशेबाने वेळ ठरवा.