मदत हवी आहे : सिरीजमध्ये ६० वॅटचा बल्ब १०० वॅटच्या बल्बपेक्षा जास्त कसा पेटतो?

नमस्कार मंडळी,

भाचीचा विज्ञानाचा अभ्यास घेतोय. एकसर जोडणीत (सिरीज) रोधांची सरळ बेरीज, समांतर जोडणीत (पॅरलल) व्यस्तांची बेरीज, इथवर गाडी नीट चालली. गणितं सुटतात, उत्तरं जुळतात. पण तिने एक प्रश्न टाकला आणि माझी बोलती बंद झाली.

जुने, तारेचे दोन बल्ब घ्या. एक ६० वॅटचा, एक १०० चा, दोन्ही २३० व्होल्टचे. पॅरललमध्ये १०० वाला जास्त उजेड देणार हे उघड आहे. सिरीजमध्ये मात्र ६० वाला जास्त पेटतो म्हणे! एक सूत्र सांगतं, पॉवर म्हणजे धारेचा (करंटचा) वर्ग गुणिले रोध. म्हणजे रोध वाढला की पॉवर वाढली. दुसरं सांगतं, विभवांतराचा (व्होल्टेजचा) वर्ग भागिले रोध. म्हणजे रोध वाढला की पॉवर घटली. दोन्ही बरोबर कशी?

आणि घरातलं वायरिंग सगळं पॅरलल, तर मग स्विच आणि एमसीबी (धारा जास्त झाली की आपोआप पडणारा स्विच) कुठे बसतात?

प्रतिसाद १

सूत्रं भांडत नाहीत. आधी विचारायचं, दोन्ही बल्बांना समान काय मिळतंय? पॅरललमध्ये विभवांतर समान, म्हणून दुसरं सूत्र सोयीचं. सिरीजमध्ये धारा समान, म्हणून पहिलं.

आता आकडे घाला. बल्बवर छापलेले वॅट हे २३० व्होल्ट मिळाले तरचे असतात, ही खरी मेख. त्यावरून ६० वाल्याचा रोध सुमारे ८८२ ओहम, १०० वाल्याचा ५२९. कमी वॅटचा बल्ब म्हणजे जास्त रोध, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. सिरीजमध्ये एकूण १४११ ओहम, धारा साधारण ०.१६ अँपिअर. २३० पैकी १४४ व्होल्ट ६० वाला घेतो, १०० वाल्याच्या वाट्याला ८६ उरतात. पॉवर अनुक्रमे सुमारे २३ आणि १४ वॅट. छापल्याइतकी कुणालाच मिळत नाही, दोघेही मंद.

प्रत्यक्षात तफावत याहून मोठी दिसते. तार कमी तापली की तिचा रोध उतरतो, आणि १०० वाल्याची तार जास्त थंड राहते. पुस्तकी गणित हे सोडून देतं. ते ठीकच आहे.

प्रतिसाद २

स्विच आणि एमसीबी सिरीजमध्येच. बल्ब, पंखा, फ्रिज एकमेकांना पॅरलल. पण प्रत्येकाचा स्विच त्याच्या फेजच्या वायरमध्ये सिरीजला, आणि एमसीबी त्या सगळ्यांच्या आधी, म्हणजे सर्किटची पूर्ण धारा तिच्यातून जाते. पॅरललला एकेक उपकरण वाढवलं की एकूण रोध कमी होत जातो, धारा चढते आणि एमसीबी पडते. भाचीला विचारा, उपकरणं वाढली तर रोध कमी कसा झाला? उत्तर आलं तर समांतर जोडणी कळली म्हणून समजा.

वायरमन लोकांचा सिरीज बोर्डही दाखवण्याजोगा आहे. दुरुस्तीला आलेली वस्तू १०० वॅटच्या बल्बच्या सिरीजमध्ये लावतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख, सर्किट तुटलेलं असेल तर बंद. पण १००० वॅटची इस्त्री लावली तर ती चांगली असूनही बल्ब जवळपास लख्खच! इस्त्रीचा रोध जेमतेम ५३ ओहम, तिला २१ व्होल्ट मिळतात आणि बल्बला २०९. त्यामुळे जड लोडला हा बोर्ड फारसा उपयोगी नाही, तिथे मल्टिमीटरच लावावा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. 'समान काय' हे भाचीला लगेच पटलं. तिचा पुढचा प्रश्न : सिरीजमधला एक बल्ब काढला की दुसरा विझतो, मग रिकाम्या होल्डरमध्ये काहीच नसणार ना?

प्रतिसाद १

उलट! तिथे पूर्ण २३० व्होल्ट असतात. धारा शून्य, म्हणून उरलेल्या बल्बवर विभवांतर पडत नाही आणि सगळं त्या मोकळ्या जागेवर येतं. दिवे विझलेत म्हणून होल्डरला हात लावू नका.

प्रयोग करायचाच तर सेल आणि टॉर्चचे तारेचे छोटे बल्ब घ्या. एलईडी नकोत. घरगुती एलईडी बल्बात आत ड्रायव्हर (एलईडीची धारा सांभाळणारं छोटं सर्किट) असतो, सिरीजमध्ये ते लुकलुकतात किंवा पेटतच नाहीत, आणि वरचं गणित त्यांना लागू पडत नाही.