बर्फ भराभर वितळला आणि आईस्क्रीम गोठलं, हे कसं काय?

अमळनेरची वहिनी
आखाजीला दोन्ही नणंदा माहेरी आल्या की माळ्यावरचा लाकडी पॉट खाली उतरतो. सासूबाईंच्या वेळचा आहे, हँडल किरकिरतं, पण त्यातल्या आंब्याच्या आईस्क्रीमची सर फ्रीजमधल्याला नाही. यंदा भाचा म्हणाला, "मामी, मिठाने बर्फ लवकर वितळतो. पैसे पाण्यात! मीठ घालूच नका." आठवीत पहिला आलाय, मी ऐकलं. अर्धी लादी फोडून भरली. बाहेर ४४ अंश, पोरं आळीपाळीने फिरवून दमली. पाऊण तासाने झाकण काढलं तर आत गार आमरस! सासूबाई काही न बोलता उठल्या, बादलीत खडेमीठ ओंजळी-ओंजळीने टाकलं नि पुन्हा जागेवर जाऊन बसल्या. बर्फाचं पाणी व्हायला लागलं, मला वाटलं संपलं सगळं. पण वीस-पंचवीस मिनिटांत हँडल जड झालं, डब्याच्या काठाला पांढरं दहिवर धरलं. बर्फ कमी नि गारवा जास्त, हे डोक्यात बसेना. भाच्याने ताप बघायचा थर्मामीटर बुडवून पाहिला, त्यावर ३५च्या खाली आकडेच नाहीत.

धुळ्याचे निवृत्त मास्तर
वहिनी, भाच्याचं अर्धं बरोबर. मिठाने बर्फ वितळतो, पण वितळला म्हणजे गारवा वाया गेला, असं नाही. १ ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला ८० कॅलरी उष्णता लागते, आणि ते होत असताना तापमान हलत नाही. नुसता बर्फ आणि त्याचं पाणी शून्यावर बसून राहतं. तुमच्या डब्यात साखर आहे, त्यामुळे ते मिश्रण उणे दोन-तीनच्या आसपास गोठायला लागतं. बादली शून्यावर, मग रात्रभर फिरवलं तरी आमरसच.
पाण्याचे रेणू बर्फातून सुटतात तसे परत चिकटतातही. मिठाचे कण मधे लुडबुडले की चिकटणं कमी होतं, सुटणं चालूच. त्या सुटण्याची उष्णता येणार कुठून? खाऱ्या पाण्यातून आणि तुमच्या डब्यातून. म्हणून दोन्ही शून्याच्या खाली उतरतात. एकूण वजनाच्या जवळपास पावहिस्सा मीठ असेल तर पार उणे २१ पर्यंत. बादली लाकडी का, तर अंगणातली उष्णता आत कमी शिरते आणि बर्फ डब्याचीच खातो. खारं पाणी मधेच ओतून देऊ नका, बर्फाच्या खड्यांपेक्षा ते डब्याला जास्त लगटून राहतं.

भुसावळकर
म्हणजे माठासारखंच ना? पाझरलेलं पाणी उडून जाताना माठाची उष्णता घेऊन जातं. म्हणून तर आमच्या कोरड्या हवेत कूलर झकास चालतो, ठाण्याच्या बहिणीकडे नुसता दमट वारा.

सराफ बाजार, जळगाव
आमच्याकडे हाच खेळ दुसऱ्या टोकाला. शुद्ध सोनं १०६४ अंशाला वितळतं, तांबं १०८५ला. दोन्ही मुशीत एकत्र घाला, बावीस कॅरेटचं होणारं सोनं दोघांच्याही आधी पातळ होतं. तुमच्या बर्फाला मीठ, आमच्या सोन्याला तांबं. तुकड्यांच्या कडा आधी लोण्यासारख्या सुटतात, वरून टाकणखाराची चिमूट टाकली की मळ बाजूला होतो आणि मग एकदम गोळा होऊन आरशासारखा चमकतो. वीस वर्षं बघतोय, अजून नजर हटत नाही.

अमळनेरची वहिनी
सासूबाईंना वाचून दाखवलं. "माले माहीत व्हतं," एवढंच म्हणाल्या. मास्तर, एक घोळ झालाय. ते खारं पाणी फेकवेना, म्हणून दुसऱ्या दिवशी कढीपत्त्याच्या आळ्यात ओतलं. पानं पिवळी पडली. आता?

धुळ्याचे निवृत्त मास्तर
नळ आला की आळं साध्या पाण्याने दोन-तीनदा तुडुंब भरा, मीठ खाली धुपून जाईल. आणि पाणी तिथे ओतायचं कोणी सुचवलं होतं, भाच्याने का?

अमळनेरची वहिनी
हो.