कावानाकाजिमात केनशिन जिंकला म्हणे!

राईपठार:
परवा इथे एकाने लिहिलं, "१५६१ च्या चौथ्या लढाईत केनशिनने शिंगेनला चारी मुंड्या चीत केलं." राहवलं नाही, म्हणून हा धागा. जपानच्या कावानाकाजिमा खोऱ्यात ताकेदा घराण्याचा शिंगेन आणि उएसुगी घराण्याचा केनशिन हे दोन सरदार पुन्हा पुन्हा भिडले, त्यातली ही लढाई. लढाईनंतर खोऱ्याचा बराचसा भाग कुणाकडे राहिला? ताकेदांकडे. काइझूचा किल्ला? ताकेदांकडेच. ताकेदांनी हुसकावलेल्या मुराकामी योशिकियो या सरदाराचा गेलेला मुलूख सोडवायला केनशिन १५५३ पासून उतरत होता. तो मुलूख काही सुटला नाही. याला विजय म्हणायचं?

उत्तरघडी:
साफ असहमत. सातबारा बघून लढाई मोजता येत नाही. शिंगेनचा सख्खा भाऊ नोबुशिगे पडला, त्याचा डावपेच आखणारा कानसुके पडला, सरदार मोरोझुमी पडला. सुतारपक्षी डाव कुणाचा फसला? रात्रीतून बारा हजार माणसं केनशिनच्या तळावर, साइजोसान डोंगरावर चढवायची आणि खाली पळणारा केनशिन हाचिमानबाराच्या मैदानावर आठ हजारांनी गाठायचा, असा शिंगेनचा बेत. काइझूतून चुलींचा धूर नेहमीपेक्षा जास्त निघतोय, एवढ्यावरून केनशिनने तो ओळखला. अंधारात चिकुमा नदी ओलांडली. धुकं विरलं तेव्हा तो शिंगेनसमोर उभा!

राईपठार:
हे सगळं 'कोयो गुनकान' या जुन्या ग्रंथातलं. मग त्याचाच निवाडा पुढे वाचा: पहिला डाव उएसुगींचा, दुसरा ताकेदांचा. ती डोंगरावरची फौज खाली आली आणि केनशिनला मागे हटावं लागलं.

उत्तरघडी:
ग्रंथ ताकेदांच्या बाजूचा. तोही पहिला डाव केनशिनला देतो, यातच सगळं आलं.

कौलारू:
मी नागानोत तीन वर्षं नोकरीला होतो. एकदा पहाटे हाचिमानबाराला गेलो. दोघांचा तो पुतळा, घोड्यावरून वार करणारा केनशिन आणि पंख्याने तो अडवणारा शिंगेन, धुक्यात दहा पावलांवर येईपर्यंत दिसला नाही. त्या दिवसापासून धुक्याच्या गोष्टीवर माझा विश्वास आहे. पण केनशिनचं खरं मोठेपण मिठात. इमागावा सरदारांनी शिंगेनच्या काइ प्रांताचं मीठ तोडलं, तेव्हा त्याने शत्रूला मीठ पाठवलं.

आगरी_मीठ:
पाठवलं नाही, विकू दिलं! इतरांसारखी बंदी घातली नाही, एवढंच. भेट दिल्याची गोष्ट नंतर रंगवलेली. आमचे आजोबा उरणच्या मिठागरात राबले. समुद्र नसलेल्या मुलखात मिठाला काय भाव येतो, ते त्यांनी व्यापाऱ्यांच्या खिशात पाहिलं. मिठाच्या गोष्टीत दानशूर राजाच का दिसतो, राबणारे का नाही, याचा मला मनापासून राग येतो.

कौलारू:
राग रास्त. पण बंदी घालणं हातात असताना न घालणं, हे लहान नाही. मात्सुमोतोत जानेवारीच्या जत्रेत आजही त्या मिठाची आठवण काढतात.

आगरी_मीठ:
जत्रा म्हणजे पुरावा नव्हे.

कौलारू:
तुमचे आजोबाही नव्हेत.

आगरी_मीठ:
आजोबांवर जाऊ नका. शेवटचं सांगतोय.

दिवेलागण:
मिठाला वेगळा धागा काढा. मुळात कानसुके तरी खरा होता का?

उत्तरघडी:
होता. १९६९ मध्ये होक्काइदोत सापडलेल्या शिंगेनच्या पत्रात यामामोतो कानसुके हे नाव आहे. सुतारपक्षी डाव त्याचाच होता, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. तेवढं मान्य करतो.

राईपठार:
मीही पहिला डाव केनशिनला देतो. 'चारी मुंड्या चीत' तेवढं मागे घ्या.

उत्तरघडी:
ते मी लिहिलंच नव्हतं. ज्याने लिहिलं त्याला विचारा.